सारख्या रुंदीचीं अक्षरें

छापील अक्षर वाचावयाचें असतें, न्याहाळावयाचें नसतें, अशी पुष्कळ वर्षें आमची समजूत होती. मजकूर कळला म्हणजे झालें. अक्षराचें वळण कोणतें हें छापखान्यानें पाहावें, शिक्षकास त्याचें काय? ही समजूत आमच्याच वर्गांतील एका मुलीनें मोडली. ती हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

प्रथम थोडी माहिती. इंग्रजी पुस्तकांत प्रत्येक अक्षर आपल्या अंगाप्रमाणें जागा घेतें. 'आय' सडपातळ, तर 'एम' ऐसपैस. तरुणपणीं आम्ही टंकलेखन शिकलों, त्या टाइपरायटरवर मात्र असें चालत नसे. कोणतीही कळ दाबा, गाडा सारखेंच अंतर सरके. मोठ्या वळणाच्या यंत्रावर एका इंचांत १० अक्षरें, बारीक वळणाच्या यंत्रावर १२. म्हणून यंत्राचीं अक्षरें आंखणारास 'आय'च्या डोक्यावर व पायाशीं आडव्या रेघा देऊन तो पसरावा लागे आणि 'एम'चे पाय जवळ ओढावे लागत. आयबीएम कंपनीसाठीं हॉवर्ड केटलर यांनीं आंखलेलें 'कुरिअर' हें याच जातीचें वळण.

टाइपरायटर मागें पडला, परंतु सारख्या रुंदीचीं अक्षरें राहिलीं, कारण संगणकास आज्ञा लिहिणारांस त्यांची गरज होती. तेथें एक चिन्ह चुकलें तरी काम अडतें. पायथॉन भाषेंत तर ओळीच्या आरंभीं सोडलेल्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो, आणि अक्षरें सारख्या रुंदीचीं असलीं म्हणजे ती जागा नजरेनें मोजतां येते. पडद्यावर सुटसुटीत दिसावें म्हणून यांतील बहुतेक नव्या वळणांत टोकांच्या बारीक रेघा गाळल्या आहेत. जेथें दोन अक्षरांचा घोंटाळा होईल तेथेंच त्या ठेविल्या आहेत. लुकास डी ग्रूट यांचें 'कन्सोलास', राफ लेव्हियन यांचें 'इन्कन्सोलाटा' आणि २०१२ सालीं निघालेलें पॉल हंट यांचें 'सोर्स कोड प्रो' हीं अशीं वळणें होत. शेवटचीं दोन कोणासही विनामूल्य वापरतां येतात. त्यांत लहान 'एल' व मोठा 'आय' निराळे दिसतात आणि शून्याच्या पोटांत तिरपी रेघ किंवा ठिपका असतो, म्हणजे तें 'ओ' वाटत नाहीं.

आतां हकीकत. नववीच्या वर्गास आम्ही पायथॉनचा पहिला पाठ देत होतों. आयताचें क्षेत्रफळ काढावयाचें होतें. आरंभींच्या ओळी आम्हीं संगणकांत आधींच भरून ठेविल्या होत्या. त्यांत लांबीला लहान 'एल' हें नांव दिलें होतें. पुढील ओळी मुलांनीं आम्हीं दिलेल्या छापील कागदावरून उतरावयाच्या होत्या. बहुतेकांचें उत्तर आलें. एका मुलीचें येईना. हें नांव ठाऊक नाहीं, असें संगणक तिला पुन्हा पुन्हा सांगे. आम्हीं पाहिलें, तों 'एल'च्या जागीं मोठा 'आय'!

"पाहूनसुद्धां नीट उतरतां येत नाहीं काय?" आम्ही सर्वांदेखत बोललों.

ती हळूच म्हणाली, "सर, कागदावर असेंच आहे."

ती उलट उत्तर देते असें समजून आम्हीं तिला मधल्या सुटींत बसविलें व त्या ओळी पांच वेळां लिहावयास लाविल्या. तिनें लिहिल्या. पांचही वेळां 'आय'च लिहिला, डोक्यावर व पायाशीं रेघ देऊन.

रात्रीं ती वही पाहतांना प्रथम रागच आला. मग तो कागद समोर धरिला. तो आम्हीं नेहमींच्या, साध्या, बिनरेघांच्या वळणांत छापविला होता, आणि त्यांत लहान 'एल' व मोठा 'आय' दोन्ही केवळ एक उभी काठी! शेजारचीं अक्षरें बोटानें झांकलीं, तेव्हां आमचें आम्हांसही सांगतां येईना. इतर मुलांनीं लांबीचा इंग्रजी शब्द मनांत धरून 'एल' लिहिला होता. म्हणजे त्यांनीं अंदाज केला होता. ही मुलगी मराठी शाळेंतून नुकतीच आलेली; तिनें जें दिसलें तेंच लिहिलें. साऱ्या वर्गांत कागद वाचला होता तो तिनेंच. तोच मजकूर आम्हीं सारख्या रुंदीच्या वळणांत पाहिला, तों दोन अक्षरें दोन तऱ्हेचीं स्पष्ट उभीं राहिलीं.

दुसरे दिवशीं आम्हीं वर्गांत तिची क्षमा मागितली. अपमान सर्वांदेखत केला होता, म्हणून क्षमाही सर्वांदेखतच मागणें उचित होतें. ती कांहीं बोलली नाहीं. मान खालीं घालून तिनें वही उघडली. त्या दिवसापासून आज्ञावलीचे कागद आम्ही 'इन्कन्सोलाटा'तच छापतों.

विद्यार्थिमित्रहो, हीं अक्षरें दिसावयास फारशीं डौलदार नाहींत. 'आय' उगाच पसरलेला, 'एम' कोंदटलेला. परंतु एकानें दुसऱ्याचें सोंग घेऊं नये आणि वाचणारास फसवूं नये, एवढ्यासाठीं कोणी कारागिरानें प्रत्येक अक्षरावर विचार केलेला आहे. तितका विचार आम्हीं त्या दिवशीं आमच्या कागदावर केला नव्हता, आणि "असेंच आहे" असें सांगणाऱ्या मुलीच्या शब्दावरही केला नव्हता. आतां कोणा मुलाचें उत्तर चुकलें, तर प्रथम आम्ही त्याच्या हातांतील कागद मागून घेतों.