मिनीच्या चाकातली कट-कट

१/
१९५९ साली ब्रिटनमध्ये आलेली मिनी ही मोटार छायाचित्रांतून सर्वांना परिचित आहे. जुनी मिनी दुरुस्तीला घेणाऱ्याला मात्र तिचा इतिहास आधी कानांनी कळतो. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी सावकाश गोल फिरवावी. पुढच्या चाकाकडून लयबद्ध 'कट-कट' ऐकू आली, की तिथला सांधा झिजला असे समजावे. या सांध्यामागे सुमारे अडीचशे वर्षे न सुटलेले एक कोडे आहे.

२/
फिरणाऱ्या दांड्याची गती कोनात वळवायची कशी? सोळाव्या शतकातील इटालियन पंडित कार्दानो यांचे नाव या कामाच्या सांध्याला चिकटले आणि सतराव्या शतकात रॉबर्ट हूक यांनी तो यंत्रात वापरण्याची रीत मांडली. आपले मेकॅनिक त्यालाच 'क्रॉस' म्हणतात.

३/
क्रॉसमध्ये एक खोट आहे. अलीकडचा दांडा एकसमान वेगाने फिरला, तरी पलीकडचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा मंदावतो आणि दोनदा धावतो. कोन ३० अंशांचा असेल, तर सुमारे १३ टक्के मंद आणि १५ टक्के जलद! मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत कोन लहान असतो, शिवाय नीट जुळवलेले दोन क्रॉस एकमेकांची चूक भरून काढतात. पुढच्या चाकाला मात्र वळायचेही असते आणि गाडी ओढायचीही असते. तिथे हा हिसका थेट चालकाच्या हातांत पोहोचतो.

४/
१९२०च्या दशकात फ्रान्समध्ये ग्रेग्वार आणि फेनाय यांनी यावर एक उपाय शोधला. अमेरिकेत अल्फ्रेड रझेपा यांनी दुसरा. रझेपांच्या सांध्यात बाहेर पोलादी वाटी, आत खाचांचा गाभा आणि दोहोंच्या मध्ये पिंजऱ्यात बसवलेल्या सहा गोळ्या असतात. चाक कितीही वळो, या गोळ्या दोन दांड्यांमधील कोनाच्या बरोबर दुभाजक प्रतलातच राहतात. त्या प्रतलाच्या जागी आरसा कल्पावा : एक बाजू दुसरीचे प्रतिबिंब ठरते, म्हणून दोघींचा वेग क्षणोक्षणी समान राहतो.

५/
सुएझ संकटामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोल टंचाई झाली, तेव्हा ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी ॲलेक इसिगोनिस यांच्याकडे छोटी गाडी मागितली. इंजिन आडवे, गिअरबॉक्स त्याच्याच खाली, चाके १० इंची, लांबी अवघी ३.०५ मीटर. या दाटीत इंजिनापासून चाकापर्यंतचे दांडे आखूड झाले आणि कोन वाढले. रझेपा पद्धतीचा सांधा नसता, तर ही रचना कागदावरच राहिली असती. इसिगोनिस यांना पुढे 'सर' किताब मिळाला. रझेपांचे नाव आज फार तर सुट्या भागांच्या चर्चेत येते. श्रेयाची ही वाटणी न्याय्य वाटत नाही.

६/
आता तपासणी. आधी सांध्यावरचे रबरी बूट पाहावे. ते फाटले, की ग्रीस बाहेर जाते, धूळ-पाणी आत शिरते, आणि पोलाद पोलादावर घासू लागते. गाडी जॅकवर घेण्यापूर्वीच हबची मोठी नट सैल करावी; नंतर ती सहसा दाद देत नाही. बॉल जॉइंट सोडवून हब बाजूला घेतला, की मऊ हातोडीच्या ठोक्याने सांधा दांड्यावरून निघतो. पिंजरा तिरका करून गोळ्या एकेक काढाव्यात, सारे स्वच्छ पुसावे आणि खाचांवरून नख फिरवावे. नुसता चकाकणारा पट्टा चालतो. नख अडले, तर सांधा संपला.

७/
काही जण डावा-उजवा सांधा अदलाबदल करतात. पुढे जाताना गोळ्या खाचेच्या एकाच कडेवर दाब देतात. बाजू बदलली की कोरी कड कामाला लागते आणि आवाज थांबतो. युक्ती हुशारीची खरी, पण झीज आहे तिथेच राहते. 'मूळ भाग टिकवला पाहिजे' हा संग्राहकांचा आग्रह इथे अनाठायी आहे. मूळ सांधा कपाटात जपावा. रस्त्यावर नवाच हवा.

८/
सुरुवातीच्या मिनींत दांड्याच्या आतल्या टोकाला, म्हणजे गिअरबॉक्सकडे, रबरी जोड असे. इंजिनातून गळणाऱ्या तेलाने ते रबर फुगून मऊ पडते. क्लच सोडताना 'धप्प' आवाज आला, तर दोष बाहेरच्या सांध्यात नव्हे, इथे शोधावा. जोड तुटलाच, तर मोकळे भाग फिरताना गिअरबॉक्सच्या आवरणावर आपटतात, आणि मग खर्चाचा हिशेब वेगळाच होतो.

९/
१९८३ साली भारतात आलेल्या मारुती ८०० मध्येही इंजिन आडवे होते, ओढ पुढच्या चाकांना होती आणि चाकाकडचा सांधा याच कुळातला होता. त्यामुळे ही कट-कट आपल्या गल्लीतही अनेकांनी ऐकली असेल, रझेपांचे नाव न ऐकता.

१०/
नव्या सांध्यात मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस भरावे. बूट आधी दांड्यावर चढवावे. हे विसरले, की सारे पुन्हा खोलावे लागते. सांधा आत ठोकताना तारेची कडी खोबणीत बसल्याचा बारीक 'टक्' ऐकू येतो. तो आला नाही, तर पुन्हा ठोकावे. मग नट आवरून नवी कॉटर पिन घालावी आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी दोन्ही बाजूंना गोल फिरवून पाहावी.