काजू लावा, असं मीच सांगितलं होतं

सिंधुदुर्गातलं बरंचसं जंगल सरकारचं नाही, लोकांच्या मालकीचं आहे. पणजोबांपासून चालत आलेली डोंगरउताराची जमीन, सातबाऱ्यावर नावांची रांग, त्यातली निम्मी माणसं मुंबईत. उतारावर ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ. व्हाळाच्या कडेला रानजायफळ आणि भेरलीमाड. हे सगळं मला ठाऊक होतं. पण मालकीचं जंगल म्हणजे नेमकं काय, हे कळायला माझ्या सल्ल्याने एक राई जावी लागली.

२००० नंतरच्या दशकात दोडामार्ग तालुक्यात रबराच्या लागवडीसाठी जमिनी विकल्या जाऊ लागल्या. आधी ठेकेदार उभं लाकूड विकत घ्यायचा, मग उरलेलं रान जाळायचं, मग जेसीबीने डोंगराला पायऱ्या पाडायच्या आणि पावसाच्या तोंडावर रोपं लावायची. एका उन्हाळ्यात अख्खा डोंगर बदलून जाई. आम्ही काही निसर्गप्रेमी सावंतवाडीहून गावोगाव जात होतो आणि मालकांना सांगत होतो, जमीन विकू नका.

तिलारी खोऱ्यातल्या एका म्हाताऱ्या मालकाने मला अंगणात बसवून घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, "लाकडाचे पैशे येकदाच गावतत, पण गावतत तरी. ह्या रानाचे माका किती गावतले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधण्याऐवजी मी पटकन सुचलेलं बोललो. म्हटलं, काजू लावा. जमीन तुमच्याच नावावर राहील, वर्षाला बी विकता येईल, डोंगरही हिरवा राहील.

हे मी एकटाच बोलत होतो असं नाही. १९९० मध्ये रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली, तेव्हापासून कोकणात काजू-आंबा लावणं म्हणजे डोंगराचं भलं करणं, असंच सगळे मानत आले होते. मीही तेच मानत होतो. मी नुसता सल्ला देऊन थांबलो नाही, वेंगुर्ला-४ ची कलमं मिळवून देण्यासाठी खटपट केली. कलमं नेमकी कुठे लागणार, हे मात्र विचारलं नाही. घरामागच्या उघड्या वरकस जमिनीत लागतील असं मी गृहीत धरलं. म्हाताऱ्याने सरळ हिशेब केला. वरकस जमिनीत माती कमी, राईत माती चांगली. त्याने राई तोडली.

मी गेलो तेव्हा जाळून झालं होतं. त्या राईत माडगरुडाचं, म्हणजे धनेश पक्ष्याचं, घरटं होतं. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून फळं भरवतो. त्यासाठी एवढी मोठी ढोली लागते की कोवळ्या वयाच्या झाडाला ती सहसा नसते, आणि आसपास रानजायफळ, उंबर अशी फळझाडं लागतात. मी त्या पक्ष्याचे फोटो काढले होते, आमच्या निसर्गप्रेमी मंडळाच्या प्रदर्शनात लावले होते. तो कशावर जगतो हे पुस्तकातून मला पाठ होतं. तरी काजूच्या बागेत त्याला यातलं काय मिळेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. बागेत दरवर्षी बेणणी होते. खाली उगवलेलं प्रत्येक रोप कोयत्याखाली जातं, पाला गोळा करून जाळतात. जंगल परत येण्याची वाटच बंद होते. वरून पाहिलं तर डोंगर हिरवा दिसतो, आणि मी तेवढाच पाहत होतो.

म्हाताऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट तो मला म्हणाला, "तुझ्यामुळे जमीन ऱ्हवली." तो खरंच बोलत होता. जमीन राहिली होती. मी हो-ना काही न बोलता चहा घेतला आणि निघालो. तेव्हा त्याला खरं सांगायला हवं होतं, कारण पुढच्या वर्षी त्याच्या भावकीतल्या दोघांनी त्याचं पाहून तेच केलं. राई तोडली त्यापेक्षा ते गप्प बसणं मला जास्त लागून राहिलं आहे.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. तोडीविरुद्ध हरकती लिहू लागलो, झाडांची संख्या आणि बुंध्यांचे घेर घालून. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत मुळात सोळा झाडं होती: साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, मोह अशी. रानजायफळ त्यात नाही. माझ्या याद्यांतही ते बाजूला पडलं, कारण यादीत बसेल तेच मी मोजत होतो.

गावं मात्र आमच्यापुढे होती. पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या गाडगीळ समितीपुढे या भागातल्या पंचवीस ग्रामसभांनी स्वतःहून ठराव केले, आम्हाला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घ्या. समितीचा अहवाल २०११ मध्ये आला. ही गावं राधानगरीकडून गोव्याच्या म्हादईकडे आणि कर्नाटकच्या भीमगडकडे जाणाऱ्या सावंतवाडी–दोडामार्गच्या वन्यजीव पट्ट्यात आहेत. तिथल्या वृक्षतोडीला २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी घातली. मार्च २०२४ मध्ये ती गावं संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याबद्दलही न्यायालयाला निर्देश द्यावे लागले. मधल्या काळात २०२० मध्ये तिलारीत २९.५३ चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र झालं, बांबर्ड्याच्या रानजायफळाच्या दलदलीला २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. या सगळ्याचं मला मोल आहे. बंदी नसती तर आज बोलायला काही उरलंच नसतं. पण बंदीमुळे मालकाच्या हातात चार पैसे पडत नाहीत, आणि या भागात फिरणाऱ्या हत्तींनी ज्याचे माड-केळी उद्ध्वस्त केले त्या माणसाला जंगलाचं प्रेम शिकवायला मी आता जात नाही.

संगमेश्वर भागात जंगल न तोडण्याबद्दल मालकांना मोबदला देण्याचे करार झाले आहेत. म्हाताऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिशेला आहे, असं मला वाटतं. तो आता नाही. त्याच्या पुतण्याकडे व्हाळाच्या वरच्या अंगाला एक तुकडा अजून उभा आहे, रानजायफळासकट. करार करायचा तर सातबाऱ्यावरच्या प्रत्येक हिस्सेदाराची सही हवी. एकानेही आपला अविभक्त हिस्सा विकला तर पुढचं सगळं अडतं. पैसे कुठून उभे करायचे आणि किती वर्षांसाठी, याचा आकडा अजून जमलेला नाही. या वेळी मी सल्ला दिलेला नाही. पुतण्याबरोबर जाऊन तलाठी कार्यालयातून उतारे आणले, मुंबईतल्या हिस्सेदारांचे फोन नंबर मिळवले. चतुर्थीला सगळे गावात येतात, तेव्हा बैठक ठरली आहे. राईच्या जागेवर काजू लावायला कुणी सांगितलं होतं, हेही मी तिथे सगळ्यांसमोर सांगणार आहे.