भावजींची होडी आणि माझी लोकर

मैत्रिणींनो, मिक्सर घ्यावा की नवा कुकर, एवढाच हिशेब करणारी मी; आणि आज तुम्हांला शिडाच्या होडीवर कोणती यंत्रं असावीत ते सांगायला बसले आहे. हसू येईल तुम्हांला. पण ऐका तर खरं!

आमच्या धाकट्या भावजींनी दोन मित्रांच्या भागीत वीस फुटी जुनी होडी घेतली. ती मांडव्याला असते. गेल्या त्रिपुरी पौर्णिमेला आमच्या नववीतल्या थोरल्याला घेऊन ते करंजा खाडीकडे गेले. "सातला घरी असू, वहिनी," म्हणाले. सात वाजले, आठ वाजले. दोघांचेही फोन बंद. इथे कांजूरमार्गला गॅलरीत मी पणत्या लावल्या खऱ्या, पण हात थरथरत होते. साडेदहाला अनोळखी नंबरावरून लेकाचा आवाज आला, तेव्हा कुठे घशाखाली पाणी उतरलं. ओहोटी लागलेली असताना दुपारी तीनला होडी गाळात रुतली होती. पाणी पुन्हा तेवढं चढायला रात्रीचे नऊ वाजले. फोन भिजून गेलेले.

पंधरा दिवसांनी भावजी भली मोठी यादी घेऊन आले. रडार, मोठ्या पडद्याचा नकाशा, वारा मोजायचं यंत्र, आपोआप सुकाणू धरणारं यंत्र, पाण्याची खोली सांगणारं यंत्र, व्हीएचएफ रेडिओ, एआयएस. शाळेतल्या माझ्या अर्धवेळ नोकरीचे साठवलेले पैसे त्यांना ठाऊक होते.

"देते," मी म्हटलं, "पण एकेका वस्तूला माझा एकच प्रश्न. ही नसली, तर तिचं काम आपले डोळे-कान करतील का?"

खोलीच्या यंत्राला लगेच होकार दिला. गढूळ खाडीत तळ दिसतो थोडाच? हे यंत्र तळाशी आवाज सोडतं आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली सांगतं. पाणी ठरावीक मापाखाली गेलं की कुकरसारखं ओरडतं. छापील नकाशा तयार झाल्यावरही गाळ सरकतच राहतो; यंत्र आत्ताचं सांगतं.

रेडिओही हवाच. फोनवरून एकालाच हाक जाते. रेडिओच्या सोळा नंबरच्या चॅनेलवर मारलेली हाक आसपासच्या सगळ्या बोटींना आणि तटरक्षक दलाला ऐकू जाते. अँटेना जितकी उंच तितका पल्ला मोठा, म्हणून ती डोलकाठीच्या टोकावर. त्याला परवाना लागतो. तो आधी काढायला लावला. मोठी जहाजं एआयएसवरून आपलं नाव, जागा, दिशा आणि वेग सतत कळवत असतात. न्हावाशेव्याला जाणारी अजस्र जहाजं याच बंदरातून जातात, आणि ती काही होडीसाठी चटकन थांबू शकत नाहीत. ते संदेश नुसते ऐकणारं यंत्र रेडिओतच मिळालं. वीजही थोडीच खातं.

रडार आणि आपोआप सुकाणू मात्र एकुलत्या एका बॅटरीला झेपणारे नव्हते. दिवसाउजेडी किनाऱ्याजवळ फिरायचं, तर आपले डोळे आणि हात आहेत की! मोठ्या नकाशाऐवजी हातात मावणारा, पाण्यात न बिघडणारा जीपीएस घेतला. वाऱ्यासाठी माझ्या विणकामाच्या टोपलीतली लाल लोकर काढून दिली. डोलकाठीच्या तारांना बांधली की ती वाऱ्याची दिशा दाखवते.

भावजी थोडे हिरमुसले. मी त्यांना अभिलाष टोमींची आठवण दिली. 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत वाट शोधायला जीपीएस चालत नव्हता. कागदी नकाशे आणि सेक्स्टंट यांवरच भिस्त. पण संकटात हाक मारायची साधनं मात्र सक्तीची होती. सप्टेंबरात हिंदी महासागराच्या दक्षिणेकडे वादळात त्यांच्या गोव्यात बांधलेल्या 'थुरिया'ची डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली. त्या साधनांमुळेच त्यांचा ठावठिकाणा कळला आणि 'ओझिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना सोडवलं. त्याच शर्यतीत 2023 मध्ये ते दुसरे आले!

आणखी एक यंत्र मी फुकट दिलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब. पौर्णिमेची पंधरा, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास. त्यात पौर्णिमा-अमावस्येला इथे पाणी चार मीटरहूनही अधिक चढतं-उतरतं. हे त्या दिवशी कुणी बोटांवर मोजलं असतं, तर दुपारी खाडीत शिरलेच नसते.

गेल्या रविवारी काका-पुतणे पुन्हा गेले. जाकिटं दोघांच्या अंगात घालूनच निघायचं, ही माझी अट. कॅलेंडरवर तटरक्षक दलाचा 1554 नंबर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. सहाच्या आत दोघं दारात हजर! लेक म्हणाला, "आई, तुझी लोकर मस्त चालते गं."

पैसे वाचले त्याचं समाधान आहेच, मैत्रिणींनो. पण त्या दिवशी मी गॅलरीत उभी राहिले नाही, हे जास्त मोलाचं.