'एन' सुलटा, हात डावा!

अमेरिकेत ऑनसाइट आलेला मराठी माणूस वीकएंडला काय करतो? नायगरा बघतो, आउटलेट मॉलमध्ये आईसाठी पर्स घेतो आणि सोमवारी परत क्यूबिकलमध्ये! मीही तेच करत होतो. पण गेल्या मे महिन्यात काचेच्या एका तुकड्यानं मला दोन राज्यं फिरवली.

निमित्त होतं मॅनेजरच्या रिटायरमेंटचं. माणूस बेसबॉलवेडा. त्यातही न्यूयॉर्क जायंट्सच्या जुन्या टीमचा भक्त, म्हणजे १९५८ मध्ये टीम सॅन फ्रान्सिस्कोला गेली त्याच्याही आधीच्या. त्याला घड्याळ काय द्यायचं? म्हणून मी ब्रिमफील्ड गाठलं.

मॅसॅच्युसेट्समधलं हे एवढंसं गाव. १९५९ पासून इथे अँटिक्सचा बाजार भरतो आणि २० नंबरच्या हायवेला दोन्ही बाजूंनी तंबूच तंबू लागतात. पुण्याचा जुना बाजार आठवा, फक्त हिरवळीवरचा! तिथे एका आजोबांकडे बुटांच्या खोक्यात काचा उभ्या रचलेल्या होत्या. मॅजिक लँटर्नच्या स्लाइड्स. सव्वातीन बाय चार इंचांच्या दोन काचा, मध्ये फोटो, कडेला काळी कागदी पट्टी. सिनेमाच्या आधी लोक पडद्यावर हेच बघायचे. आपल्या कल्याणच्या पटवर्धनांची 'शांबरिक खरोलिका' ती हीच.

एका काचेवर बॉल हातात घेतलेला रुबाबदार पिचर होता. पट्टीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मॅथ्यूसन'. माझी विकेटच गेली! ख्रिस्ती मॅथ्यूसन, १९०५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तीन मॅचेस टाकून एकही रन न देणारा जायंट्सचा हीरो. आजोबांनी ऐंशी डॉलर सांगितले, साठला डील झालं.

रात्री मोटेलमध्ये टेबललॅम्पसमोर काच धरली आणि घोळ लक्षात आला. मॅथ्यूसन उजव्या हातानं टाकायचा. या पठ्ठ्याच्या डाव्या हातात बॉल! वाटलं, काच उलटी धरली असेल. काचेचं हेच तर नाटक असतं, दोन्ही बाजूंनी चित्र दिसतं. मग छातीवरची अक्षरं बघितली. 'वाय' बिनकामाचा, तो आरशातही तसाच दिसतो. पण 'एन'ची तिरकी रेघ खोटं बोलत नाही. एन सुलटा. शर्टाच्या बटणपट्टीची डावी बाजू वर, पुरुषांच्या शर्टाला असते तशीच. खालच्या डाव्या कोपऱ्यात अंगठ्याची खूण, तीही जागेवर. म्हणजे काच बरोबर, हात डावा आणि नाव चुकीचं.

सकाळी तोच २० नंबरचा रस्ता पकडून पश्चिमेला निघालो. न्यूयॉर्क राज्यात ओत्सेगो तळ्यापाशी वळून कूपर्सटाउनला पोचलो. लाल विटांची दुकानं, शांत तळं आणि मेन स्ट्रीटवर १९३९ साली उघडलेलं बेसबॉल हॉल ऑफ फेम. गंमत म्हणजे १८३९ मध्ये ॲब्नर डबलडे यानं याच गावात बेसबॉल शोधला, असं एका कमिशननं १९०७ मध्ये ठरवलं होतं. प्रत्यक्षात डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या मिलिटरी अकॅडमीत शिकत होता! खऱ्याखोट्याचा निकाल लावायला मी आलो होतो ते नेमकं या गावात.

१९३६ च्या पहिल्या पाच मानकऱ्यांत मॅथ्यूसनची पाटी आहे. त्याचे फोटो नीट बघितले. चेहरा वयानुसार बदलतो, टोपी फसवते, पण कानाची ठेवण सहसा बदलत नाही. माझ्या पिचरचा कान वेगळाच. पाठीवरचा नंबरही मदतीला नाही, कारण नंबर कायमचे आले १९२९ पासून. त्या काळात जायंट्सकडे हूक्स विल्त्से आणि रूब मार्क्वार्ड हे नावाजलेले डावखुरे होते. तासभर ताडून बघितलं. छातीठोकपणे एकाचंही नाव घेता येईना.

परतीच्या वाटेवर मनात आलं, पेन्सिलीचं नाव तसंच ठेवावं. गिफ्ट मोठं दिसेल, कुणाला कळणारे? पण मॅथ्यूसन म्हटलं की या माणसाचं स्वतःचं नाव कायमचं पुसलं जाणार होतं. साठ डॉलर माझे गेले होते, याचं तर अख्खं नावच!

फेअरवेलला मी डब्यावर लिहिलं, 'न्यूयॉर्क जायंट्स. डावखुरा पिचर. मॅथ्यूसन नव्हे.' मॅनेजरनं काच खिडकीकडे धरली. केक तसाच राहिला. मग वळून म्हणाला, "मग हा कोण?"

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. म्हणाला, अजून शोधतोय.

जाणार असाल तर : ब्रिमफील्डचा बाजार मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये भरतो. खिशात छोटा टॉर्च आणि भिंग ठेवा. काच कडेनं धरा. आणि पट्टीवरचं नाव सगळ्यात शेवटी वाचा!