पाठीतलं पाणी

मैत्रिणींनो, 'पाठीतलं पाणी तपासायचंय' असं डॉक्टर म्हणाले की आईच्या पोटात कसा गोळा येतो, ते मी अनुभवलंय.

२०१९ सालची गोष्ट. आमचं गाव वळसंग, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं. धाकटा सात वर्षांचा. ताप हटेना, अंगावर निळे डाग उठलेले. सोलापुरात रक्त तपासलं, तर ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर! रातोरात सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलात गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सकाळी उठल्यावर डोकं दुखतं? उलटी होते?" अगं बाई, होत होती की! मी आपली पित्त समजून मोरावळा चाटवत होते.

त्यांनी पाठीतलं पाणी काढायचं ठरवलं. फोनवर सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, पाठीत सुई घालू देऊ नकोस गं, पोर लुळं पडतंय." हेही कचरले. रोग रक्तात सापडलाय, मग पाठ कशाला टोचायची?

बाईंनी शांतपणे समजावलं. मेंदूभोवती निसर्गाचंच एक कुंपण असतं. शिरेतून दिलेली पुष्कळशी औषधं ते नीट ओलांडत नाहीत. रोगट पेशी मात्र त्याच्या आड दडून बसतात. रक्ताच्या तपासणीत त्या दिसत नाहीत, म्हणून मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणीच पाहावं लागतं. सुई कमरेत खाली टोचतात, मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. पाणी काढतात चमचाभर, आणि शरीर रोज जवळजवळ अर्धा लिटर नवं तयार करतं!

मी सही केली. आधी डोक्याचा फोटो काढला, प्लेटलेट पुरेशा आहेत ना ते पाहिलं. मग भूल देऊन, गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निजवलं. पाणी दिसायला अगदी नितळ. पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यात कॅन्सरच्या पेशी दिसल्याच.

मी रडले. बाई म्हणाल्या, "सापडल्या, हे बरंच झालं. आता औषध नेमकं तिथे पोचवता येईल." त्याच वाटेने, पाठीतून, औषध सुरू झालं. तपासणीनंतर थोडा वेळ पडून राहायचं, भरपूर पाणी प्यायचं. एखाद-दोन दिवस डोकं दुखलं, एवढंच.

उपचार तीन वर्षं चालले. आता तो शाळेत जातो, ठरल्या तारखेला तपासणीही होते. सासूबाई त्याला पळताना पाहतात आणि पदर डोळ्यांना लावतात.

तेव्हा बायांनो, ऐकीव भीतीपायी सही अडवू नका. मनातल्या शंका डॉक्टरांना विचारा. आणि मुलाचं सकाळचं डोकं सारखं दुखत असेल, उलट्या होत असतील, तर नुसतं पित्त म्हणून सोडून देऊ नका. मी सोडलं होतं, म्हणून सांगते.