बारा सत्ते

मालीतल्या बामाकोच्या सेदू केतानं १९४८ साली फोटो स्टुडिओ थाटला, तेव्हा मागच्या पडद्यासाठी स्वतःच्या पलंगावरची झालरवाली चादर काढून टांगली. मी अडकले ती त्या चादरीत. नक्षीदार कपडे घातलेल्या बायका नक्षीदार चादरीपुढे बसत. कापडात कापड मिसळून जाई आणि चेहरा तेवढा वर येई. दोन-तीन वर्षांनी पडदा बदलायचा. पुढे फोटोंची सालं लावायची वेळ आली, तेव्हा केतानं ती पडद्यांवरूनच लावली. त्याच्याकडे गिऱ्हाइकांसाठी सूट, घड्याळं, फाउंटन पेनं, रेडिओसुद्धा असे. ज्याला जे मिरवायचंय ते त्यानं मिरवावं.

माझ्या मावशीच्या फोटोत टेलिफोन आहे. तेव्हा घरात सोडाच, आख्ख्या आळीत फोन नव्हता. फोटो ‘दाखवायचा’, म्हणजे स्थळांकडे पाठवायचा. शेजारणीची नारायणपेठ नेसलेली, शेपटा खांद्यावरून पुढे घेतलेला (केस किती लांब ते कळायला नको?), मागे रंगवलेला जिना, आणि जिन्याच्या पायथ्याशी, का कोण जाणे, हंस. फोटोग्राफरनं काळा रिसीव्हर हातात दिला नि म्हणाला, “ताई, कुणाशी तरी बोलताय असं दाखवा.”

“कुणाशी?” मावशीनं विचारलं.

बाकावर बसलेले आजोबा खाकरले. मग तिनं फोनवर बाराचा पाढा म्हटला. ‘बारा सत्ते’ला खटका दाबला गेला, म्हणून ओठ किंचित विलग आहेत. गालावरचा देवीचा व्रण निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून घालवला. एका स्थळानं ‘मुलगी फार फॉरवर्ड दिसते’ म्हणून फोटो परत पाठवला. अखेर लग्न जमलं ते फोटो न पाहिलेल्या माणसाशी.

फोटोग्राफर गौतम राजाध्यक्षांनी नट्यांवर सोडलेला मऊ उजेड पाहिला की मला ती पेन्सिल आठवते, आणि हे मी कौतुकानंच म्हणतेय. माणसानं जरा बरं दिसावं, यात वाईट काय?

अमेरिकन फोटोग्राफर रिचर्ड ॲव्हेडनला हे पटलं नसतं. १९७९ ते १९८४ तो अमेरिकेच्या पश्चिम भागात फिरला. खाणकामगार, भटके, कसाईखान्यातली माणसं पांढऱ्या कागदापुढे सावलीत उभी करून त्यानं टिपली. जिना नाही, हंस नाही. मधमाश्या पाळणाऱ्या एका माणसाचं चित्र तर त्याच्या डोक्यात आधीच तयार होतं. तसा माणूस मिळावा म्हणून त्यानं मधमाश्यांविषयीच्या नियतकालिकात जाहिरात दिली. मिळाला तो गोरापान आणि टकला. त्याच्या उघड्या अंगाला राणीमाशीचा वास लावला आणि माश्या येऊन बसल्या. फोटो जबरदस्त आहे. मी तो घरात लावणार नाही. पांढरा कागद प्रामाणिक असतो म्हणतात. मला तो हुकूमशहा वाटतो. समोरच्याला हातात धरायला काही देतच नाही.

बामाकोतच पुढे मलिक सिदिबे झाला. सायकल मारत तरुणांच्या पार्ट्यांना जायचा, नाचणारी पोरं टिपायचा. नंतर त्यानं बायकांचे फोटो चक्क पाठमोरे काढले. अशी पोज आमच्या गावच्या स्टुडिओत कुणी मागितली असती, तर आजोबा नुसते खाकरून थांबले नसते.