मसूरच्या वाटेवरचा तांब्या
कराडहून रहिमतपूरला मोटारसायकलने आम्ही पतिपत्नी मुलासह निघालो होतो. मसूरच्या अलीकडे चेनचे लॉक निघून पडले. वैशाखातले ऊन, सावलीला झाड नाही.

मसूर आपण कसे विसरू? १९०१ साली याच स्टेशनवर उतरलेल्या बाल भीमरावाला व सोबतच्या भावा-भाच्यांना महार म्हणून बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडे देऊन, स्वतः गाडी हाकत ती लेकरे निघाली. वाटेत कोणी पाणी दिले नाही. जवळ डबा असूनही ती उपाशी झोपली.

तेवढ्यात शेतातून एक आजोबा आले. गाडीवरचे ‘जय भीम’ त्यांनी वाचले आणि म्हणाले, “पोराला उन्हात कशाला उभं केलंय? घरला चला.” आजींनी घरातल्याच तांब्याने पाणी दिले, पिठलं-भाकरी वाढली. नातवाला सायकलवर पिटाळून आजोबांनी मसूरहून लॉक आणवले. लॉकचे पैसेही घेतले नाहीत.

हा बदल आपोआप झालेला नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, त्याचे हे फळ आहे. अजून कित्येक गावांत पाणवठ्याचा तंटा मिटलेला नाही. म्हणून मुलांना दोन्ही गोष्टी सांगा : १९०१ ची तहान आणि या आजोबांचा तांब्या.

जय भीम!